‘ध’च्या पोटातली कवडी

माझ्या हातच्या कामाचं चारचौघांत पहिल्यांदा कौतुक झालं, तेव्हा मी दुसऱ्या रांगेत खुर्चीवर बसले होते आणि टाळ्या घेत उभे होते माझे यजमान. ‘यजमान’ हा शब्द मी एरवी वापरत नसे, शाळेतल्या बाकीच्या बाई वापरतात. त्या दिवसापासून मात्र मला तोच बरोबर वाटायला लागला. यजमान म्हणजे ज्याच्या हातून पूजा होते तो. मागं स्वयंपाकघरात कोण राबलं, ते कुणी विचारत नाही.

त्या कार्यक्रमाकडं येतेच. आधी मशीनबद्दल सांगते, कारण मशीनबद्दल बोलताना माझं डोकं जरा शांत राहतं.

मी तामलवाडीच्या शाळेत शिकवते आणि राहते तुळजापुरात. डी.एड.ला असताना कार्यानुभवाच्या तासाला आम्हाला हातानं चालवायची फ्रेटसॉ दिली होती. वाकवलेल्या पट्टीची चौकट आणि तिच्यात ताणलेलं दोऱ्याएवढं पातं. तिनं मी प्लायवुडचं एक बदक कापलं होतं. चोच मोडली, पण पंखांवरची नक्षी कापताना हाताला जे वाटलं ते पुढं पंचवीस वर्षं कशानंच वाटलं नाही. नोकरी, संसार, मुलीचं शिक्षण यात बदक कुठं गेलं कुणास ठाऊक. लॉकडाऊनमध्ये शाळा फोनवर भरायची. मुलांसाठी काहीतरी शोधताना एका दुपारी फोनवर एक म्हातारा माणूस दिसला. तो मशीनवर लाकडाची जाळी कापत होता, इतक्या निवांतपणे की मी भाजी करपवली. बाजार सुरू झाल्या झाल्या सोलापूरला जाऊन मी ते मशीन आणलं.

खोक्यावर ‘स्क्रोल सॉ’ असं लिहिलं होतं. आमच्या गल्लीतले सुतारमामा त्याला ‘जाळीची करवत’ म्हणाले आणि घरात तेच नाव पडलं. दिसायला शिलाई मशीनच, फक्त सुईच्या जागी दातेरी पातं. पातं जागच्या जागी वरखाली होतं, वळायचं असतं ते लाकडानं. मी पहिल्या दिवशी लाकूड ढकलत बसले आणि तासाभरात चार पाती तोडली. सुतारमामा कट्ट्यावर बसून बघत होते. म्हणाले, “बाई, ढकलू नका. लाकूड आपसूक यायलंय का बघा. न्हाय आलं तर पातं बोथट झालंय, न्हायतर तुमाला घाई झालीय.” पोरांना शिकवण्याबद्दलही हे मला आजवर कुणी इतकं नीट सांगितलेलं नाही.

पात्याचे दात समोर आणि खाली बघणारे असावे लागतात. उलटं बसलं तर ते लाकूड उचलून आपटतं. पात्याला ताण असा हवा की बोटानं छेडलं तर टणकन वाजलं पाहिजे. लाकूड दाबून धरणारी एक छोटी पट्टी असते, ती मध्ये मध्ये येते म्हणून नवशिकी माणसं काढून टाकतात आणि मग बोटांना मुकतात. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क, कारण सागाचा बारीक भुसा छातीत बसला की महिनाभर खोकला जात नाही. बोटं पात्याच्या समोर कधीच नाहीत, कायम बाजूला. पातं बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, भिंतीतली पिन काढायची. आणि मशीन चालू ठेवून जागेवरून उठायचं नाही, दारात जोगवा आला तरी.

खरी अडचण माझ्या अंगावरच होती. पदर, वेणी, बांगड्या, मंगळसूत्र, या सगळ्याला चालत्या मशीनपासून लांब ठेवलेलं बरं. म्हणून मी पंजाबी ड्रेस घालून, ओढणी न घेता, केसांचा घट्ट अंबाडा बांधून बसायचे. बांगड्या खुंटीला आणि मंगळसूत्र देवघरात. यजमानांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा चेहराच उतरला.

“हे काय करायलीस? सौभाग्याचं लेणं काढून बसलीस? कुणी बघितलं तर काय म्हनंल?”

“बोट तुटलं तर काय म्हणतील, ते पण विचारून ठेवा,” मी म्हणाले.

त्यावर त्यांनी मागच्या पडवीला एक जाड पडदा लावून दिला. मला उगाच वाटलं की त्यांनी माझी सोय केली.

ते जिल्ह्याच्या ठिकाणी एका ऑफिसात हेडक्लार्क आहेत, रोज तुळजापूर ते धाराशिव जाऊन येऊन. वाईट माणूस नाही. चहा करून देतात, माझ्या आईच्या आजारपणात तिला उचलून रिक्षात बसवलं. शेतकरी घरातून शिकून वर आलेले, त्यामुळं ऑफिसात शब्द तोलून बोलतात आणि घरी आल्यावर जीभ मोकळी सोडतात. मी काही नवीन केलं, किल्ल्या अडकवायचा मोर, दिव्याभोवतीची जाळी, की ते पिशवीत घालून ऑफिसात न्यायचे. “दाखवतो सगळ्यांला,” म्हणायचे. संध्याकाळी मी भाजी चिरता चिरता विचारायचे, “काय म्हणाले?”

“लई बारीक काम हाय म्हनले.”

“आणखी?”

“हात लई स्थिर पायजे म्हनले याला.”

एवढी दोन वाक्यं मी आठवडाभर पुरवून पुरवून खायचे.

मग जिल्ह्याचं नाव बदललं. जिथं तिथं पाट्या नव्यानं रंगू लागल्या, शाळेचे शिक्केसुद्धा बदलले. माझ्या मनात आलं, आपण ‘धाराशिव’ सागवानात कापायचं, आरपार, मागं फळी नाही काही नाही. मराठी अक्षरं यासाठी फार सोयीची. शिरोरेषा सगळ्यांना एका ओळीत धरून ठेवते, एक अक्षर गळून पडत नाही. पण ‘ध’ आडमुठा. त्याच्या डाव्या वळणावर रेघ नसते. ते वळण नुसतं हवेत लोंबकळतं आणि लाकडाचा धागा आडवा आला की खाटकन तुटतं. माझे दोन तुकडे असे गेले. तिसऱ्या वेळी मी हट्टानं वरून रेघ जोडून टाकली. यजमानांनी हातात घेऊन मोठ्यानं वाचलं, “घाराशिव! घाऱ्या डोळ्याचा शिव का काय?” आणि पोट धरून हसले. मीही हसले. आता आठवलं की वाटतं, या घरात आम्ही दोघं मिळून हसलो ते बहुधा शेवटचं.

उपाय देवघरात सापडला. तिथं भवानीची कवड्यांची माळ टांगलेली असते. मी एक कवडी कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवली आणि ती ‘ध’च्या पोटात बसवली, अशी की एक टोक त्या लोंबत्या वळणाला टेकेल आणि दुसरं उभ्या दांड्याला. वरची रेघ मोकळी, ‘ध’चा ‘ध’ राहिला आणि वळणाला आधार मिळाला. कापताना मात्र आधी आतलं, मग बाहेरचं, हा नियम. बाहेरून आधी कापलं तर आतलं कापायला लाकडात धरायला काही उरत नाही. कवडीच्या फटीतले दाते कापायला मला एक अख्खा रविवार लागला. काचपेपरनं घासून, जवसाचं तेल लावून मी ते उन्हात धरलं आणि एकटीच जोरात म्हणाले, “जमलं गं बाई.”

त्याच महिन्यात यजमानांच्या ऑफिसातले एकजण निवृत्त होणार होते. धाराशिवला एका मंगल कार्यालयात निरोपाचा कार्यक्रम, सहकुटुंब. यजमान म्हणाले, “तुझं धाराशिव देऊ का त्यास्नी? आपल्याकडून भेट.” ‘तुझं धाराशिव’ म्हणाले, हे मी आजही शपथेवर सांगेन. मी आनंदानं दिलं. नवी साडी नेसले.

भेटी उघडता उघडता ते त्यांच्या साहेबांच्या हातात आलं. साहेब तरुण, कोकणातले, लाकडाची जाण असलेले. त्यांनी ते उजेडाकडं धरलं, मागून पुढून फिरवलं आणि माईकवर विचारलं, “हे कुणी केलंय?”

माझे यजमान उठले. हात जोडले. म्हणाले, “आम्ही घरीच करतो, सर. छंद आहे.”

टाळ्या पडल्या. मी वाट बघत होते. मला वाटलं, पुढचं वाक्य माझं असेल. पुढचं वाक्य असं होतं, “मंडळी सहन करतात बिचाऱ्या. घरभर भुसा असतो.” सगळे हसले. दोघीतिघींनी वळून माझ्याकडं कौतुकानं पाहिलं, सहन करणारीकडं बघतात तसं. शेजारची म्हणाली, “आमच्यांना तर खिळासुद्धा मारता येत नाही हो.”

साहेबांचं समाधान झालं नव्हतं. “ही कवडी खास कशासाठी?”

यजमान जरा अडखळले. “देवीची आठवण म्हणून, सर. तुळजापूरचे ना आम्ही.” पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जोरात.

मला राहवलं नाही. मी जागेवरूनच बोलले, “आठवण वगैरे नाही. ‘ध’च्या वळणाला वरून आधार नसतो. रेघ जोडली तर ‘घ’ होतो, म्हणून खालून कवडीनं धरलंय. ती काढली तर अक्षर तुटेल.”

यजमान माझ्याकडं बघत होते, एवढंसं तोंड करून. मग साहेब मनापासून हसले. “वा! बघून बघून वहिनीसुद्धा तयार झाल्या की!” सगळी सभा हसली. यजमानही हसले. सगळ्यात आधी तेच हसले. आणि साहेबांनी तिथंच सांगितलं की ऑफिसच्या नव्या सभागृहाला अशीच पाटी हवी, मोठी. यजमान म्हणाले, “करू की, सर.”

मोटरसायकलवरून आम्ही घरी आलो. दाराचं कुलूप काढता काढता मी विचारलं, “मी केलंय, एवढं म्हणायला काय झालं होतं?”

“म्या कुठं म्हनलं, म्या केलं?” ते लगेच म्हणाले. उत्तर वाटेतच तयार करून आणलेलं होतं. “आमी केलं म्हनलं. आमी म्हंजे तू न म्या.”

मी तिसरीच्या वर्गाला सर्वनामं शिकवते. ‘आम्ही’मध्ये कोण आत आणि कोण बाहेर, हे मला सांगायला निघाले! आणि आमच्याकडं माणूस जरा फुगला की ‘मी’ सोडून ‘आम्ही’ म्हणतो, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. साहेब कोकणातले, त्यांना ठाऊक नसेल, पण त्यांनीही बरोबर तोच अर्थ घेतला. मंडळी म्हणून मला बाजूला काढलंत आणि मग ‘आम्ही’त राहिलं कोण, असं मी विचारलं.

“मग काय चारचौघांत तुझं नाव घेऊ? लग्नात घेतलं तेवढं बास.”

“घ्यायचं होतं की. नाव घेतल्यानं कुणी मरत नाही.”

“तुझं न माझं काय येगळं हाय का?” असं म्हणून ते हातपाय धुवायला गेले. हे वाक्य ज्याला मिळालेलं असतं तोच म्हणतो, ज्याचं गेलेलं असतं तो कधी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला मुलीला फोन केला. मला वाटलं, ती पेटून उठेल. पण ती म्हणाली, “आई, मला माहीत होतं. बाबा ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकतात ना, ‘घरचा छंद’ असं लिहून. मला पण पाठवतात. दोन वर्षं झाली.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“तू कुठं कुणाला दाखवतेस, आई? बाबांना तेवढंच बरं वाटतं गं.”

म्हणजे मी भाजी चिरताना जी वाक्यं खात होते, ती उष्टी होती. लई बारीक काम हाय, हात लई स्थिर पायजे, हे लोकांनी त्यांना म्हटलं होतं. त्यांनी ते घरी येऊन मला सांगितलं, आणि मला त्यात खोट दिसली नाही कारण खोट नव्हतीच. शब्द खरे होते, फक्त माणूस बदललेला होता. त्या दिवशी मी रडले, आणि नवऱ्यासाठी रडले त्यापेक्षा जास्त मुलीसाठी रडले.

मोठ्या पाटीला मी चक्क नाही म्हणाले. दोन आठवडे नाहीच म्हणत राहिले. साहेब विचारायला लागले तसे यजमान एका रविवारी स्वतःच पडदा सारून मशीनसमोर बसले. “अवघड ते काय त्यात? रोज बघतोय.”

“अंगठी काढा,” मी म्हणाले. “घड्याळ पण. बाह्या कोपराच्या वर घ्या.”

“लग्नातली हाय ती.”

“माहिती आहे मला.”

त्यांनी काढली. चष्मा घातला. पातं त्यांनी मी यायच्या आधीच बसवून ठेवलं होतं आणि ते मी तपासलं नाही, हे माझं चुकलं. बटण दाबलं, लाकूड पुढं नेलं, आणि फळी उसळून धाडकन आपटली, परत उसळली. दात वर होते. त्यांचा अंगठा पात्यापासून बोटभर अंतरावर. मी झडप घालून पिन ओढली. तेवढ्यापुरता माझा सगळा राग पळाला, नवऱ्याचा अंगठा शाबूत आहे एवढंच दिसत होतं. ते हळूच म्हणाले, “तूच कर. माझ्याच्यानं न्हाय व्हायचं.”

तेव्हा मी अट घातली. “करते. पण खाली कोपऱ्यात माझं नाव येईल. पूर्ण.”

त्यांनी अंगठी परत बोटात चढवली. “बारीक टाक.”

“बारीकच टाकते.”

दिवाळीची सुट्टी त्या पाटीत गेली. ‘ध’च्या पोटात पुन्हा कवडी, तळहाताएवढी. आणि उजव्या कोपऱ्यात माझं नाव, लग्नानंतरचं आडनाव धरून, करंगळीएवढ्या अक्षरांत. आयुष्यात शाळेच्या हजेरीपत्रकाशिवाय माझं नाव कुठं लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. तेल यजमानांनी स्वतः लावलं. नावावरूनही फडकं फिरवलं. मग जुन्या चादरीत गुंडाळून सहकाऱ्याच्या गाडीतून घेऊन गेले.

संध्याकाळी मी दारातच विचारलं, “लावली?”

“व्हय, लावली. लई खूश झाले साहेब.”

“नाव वाचलं का कुणी?”

“वाचलं की,” ते चपला काढत म्हणाले.

मी त्यांना सगळं माफ केलं. खरंच केलं. शाळेत सगळ्या बाईंना सांगितलं, मुख्याध्यापकांना सांगितलं, नाताळच्या सुट्टीत धाराशिवला जाऊन बघायचं असं दोघींबरोबर ठरवूनही टाकलं. मुलीला फोन करून म्हणाले, बघ, बाबांनी नाव लावलं माझं. मग नवी जाळी कापायला घेतली, मनाला येईल तशी.

आठ-दहा दिवसांनी, रविवारी सकाळी, मी पडवीत कापत होते. यजमान भाजी आणायला गेलेले, त्यांचा फोन आत चार्जिंगला. तो वाजला. दारातून मी पाहिलं, तर साहेबांचं नाव. पाटीचंच काहीतरी असणार, कौतुकच करायचं असणार, या खुशीत मी मशीन तसंच चालू ठेवून उठले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“वहिनी का? नमस्कार,” साहेब म्हणाले. “त्यांचं मशीन झालं का हो दुरुस्त? मोटर जळाली म्हणाले, पाटी अर्धी राहिलीय म्हणाले. सोलापूरला माझ्या ओळखीचा चांगला मेकॅनिक आहे, पाठवू का? सभागृहाची भिंत मोकळीच ठेवलीय मी अजून.”

मागं मशीन घरघरत होतं.

“हॅलो? वहिनी? कसला आवाज येतोय?”

सांगायला एक वाक्य पुरे होतं, ते तोंडात आलेलंही होतं. पण तिकडं साहेब होते, आणि माझ्या नवऱ्याला त्यांच्यासमोर सोमवारी उभं राहायचं होतं. पंचवीस वर्षांची सवय माझ्याआधी बोलली.

“मिक्सर लावलाय,” मी म्हणाले. “शेंगाची चटणी करतेय.”

साहेब म्हणाले, “हो का, चालू द्या, चालू द्या,” आणि फोन ठेवला. यजमान कोथिंबीर घेऊन आले, मी त्यांना चहा दिला. माझं नाव घातलेली ती पाटी कुठं नेऊन टाकलीय, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. मिक्सर लावलाय म्हणून त्यांचं खोटं मीच झाकलं, आता कुठल्या तोंडानं विचारू?